पेठांतून चालताना: जुन्या पुण्याचे नजरेतून सुटलेले तपशील कसे बघावेत

जुन्या पुण्यात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं की शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा ही नावं लगेच येतात. ती बघावीतच. पण या ठिकाणांच्या मधला जो अर्धा किलोमीटर आपण रिक्षातून किंवा फोनकडे बघत काढतो, तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं पुणं तुकड्यातुकड्यांनी अजून शिल्लक आहे. स्टेशनरीच्या दुकानाच्या शटरशेजारी सागवानी चौकट असते, झेरॉक्सच्या फलकामागे कोरीव हस्त, म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा लाकडी आधार, दडलेला असतो, पार्किंगच्या कोपऱ्यात दगडी हौद असतो आणि त्यात तुळशीच्या कुंड्या ठेवलेल्या असतात.

हे सगळं दिसायला इतिहास पाठ असावा लागत नाही. एकच प्रश्न बरोबर न्यावा लागतो: हे इथे कशाला केलं असेल? पेठांमधल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी जे केलं त्यातलं बहुतेक कामाचं होतं. भिंतीतलं चौकोनी भोक, दाराशेजारचा कोनाडा, रस्त्याकडे झुकलेला सज्जा, प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं होतं. ते काम कळलं की वस्तू दिसू लागते, आणि एकदा दिसली की पुढच्या गल्लीत तीच पुन्हा ओळखता येते. खाली सांगितलेली पद्धत पुण्याच्या पेठांसाठी आहे, कारण मला तो भाग जवळून माहीत आहे. पण प्रश्न कुठल्याही जुन्या गावात चालतो.

निघायचं केव्हा आणि चालायचं किती

सकाळी सात ते नऊ ही सगळ्यात चांगली वेळ. शटर खाली असतात, हातगाड्या लागलेल्या नसतात, जोती आणि दारं मोकळी दिसतात. दुपारी एक ते चार हीदेखील पेठेत हिंडायला उत्तम वेळ आहे. बरीच दुकानं बंद, वाहतूक विरळ, मधेच थांबून वर बघत उभं राहिलं तरी मागून हॉर्न वाजत नाही.

उजेडाचं गणित मात्र भिंतीप्रमाणे बदलतं. कोरीव काम समोरून पडलेल्या उन्हात सपाट दिसतं. ऊन भिंतीला घासून जात असेल तेव्हा उथळ नक्षीसुद्धा उठून येते. विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू पूर्वेला आहे. सकाळी आठला ती नुसती उजळलेली असते, पण साडेअकराच्या सुमारास सूर्य डोक्यावर येऊ लागला की लाकडातली प्रत्येक पाकळी सावली टाकते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे, तिथे बहुतेक वर्षभर सावलीच असते. तो कधीही बघा. आणि पावसाळा टाळू नका. चुन्याचा गिलावा आणि सिमेंट वेगवेगळ्या वेगाने ओलावा धरतात आणि सोडतात, त्यामुळे बुजवलेली खिडकी किंवा नंतर चिणलेलं दार एरवी कळत नाही ते पाऊस उघडल्यावर भिंतीवर डाग होऊन उमटतं.

अंतर कमी ठेवा. एका सकाळी एकच गल्ली किंवा एकच रस्ता. जाताना डावी बाजू, येताना उजवी. दोन तासांत पाच पेठा करणाऱ्याला पाच पेठांमधल्या पाट्या दिसतात. बरोबर छोटी दुर्बीण असली तर फार उपयोग होतो. एक टॉर्च, वही आणि पेन्सिल. एवढं पुरतं.

पहिली फेरी: कमरेच्या खाली

आपली नजर स्वभावतः दुकानाच्या फलकाच्या उंचीवर असते, आणि जुन्या इमारतीचा नेमका तोच पट्टा सगळ्यात जास्त बदललेला असतो. म्हणून पहिल्या फेरीत फक्त खाली बघायचं.

आधी जोतं. वाड्याचं जोतं काळ्या बसाल्ट दगडाचं असतं. चिरे नीट घडवलेले, सांधे बारीक असतील तर बांधणारा पैसेवाला होता. ओबडधोबड दगड आणि भरपूर चुना असेल तर बेताची ऐपत. वरचा वाडा पाडून इमारत उभी राहिली तरी कधीकधी कडेचं जोतं तसंच ठेवलेलं असतं. नव्या टाइल्सच्या खाली काळ्या चिऱ्यांचा एखादा थर दिसला की समजावं, इथे वाडा होता.

मग पायऱ्या. रस्ते डांबरावर डांबर चढवत वर आले, घरं जागच्या जागी राहिली. ज्या ओट्यावर चढायला पूर्वी चार-पाच पायऱ्या लागत असतील त्याच्या आता दोनच दिसतात, बाकीच्या रस्त्याखाली आहेत. काही जुन्या देवळांत तर रस्त्यावरून खाली उतरून जावं लागतं. देऊळ मुद्दाम खड्ड्यात कुणी बांधलेलं नसतं. उतरायच्या पायऱ्या मोजल्या की गेल्या दोन-अडीचशे वर्षांत रस्ता किती चढला याचा अंदाज मिळतो.

ओटा बघताना त्याची रुंदी बघा. माणसाला नुसतं टेकता येईल एवढा ओटा आणि मांडी घालून चार जण बसतील एवढा ओटा, यांत फरक आहे. कसब्यातल्या तांबट आळीत घराचा पुढचा भाग हेच कामाचं ठिकाण, त्यामुळे तिथे घराची आणि रस्त्याची हद्द आजही सैल आहे. तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीचे ठोके आधी ऐकू येतात आणि मग आळी दिसते.

लाकडी खांब जमिनीला टेकतो तिथे दगडी तळखडा असतो. लाकडाला ओल लागू नये, वाळवी चढू नये म्हणून. दुकान करताना खांब काढून टाकतात, पण तळखडा पुष्कळदा फरशीत तसाच राहतो: मधोमध उंचवटा असलेला एक चौकोनी किंवा नक्षीदार दगड. ग्राहक त्यावरून जात-येत असतात.

दारापाशी थांबा

वाड्याचं दार म्हणजे पेठेतला सगळ्यात भरगच्च तपशील. घाई करू नका, एका दारापाशी दहा मिनिटं द्या.

मोठ्या दाराच्या एका फळीत छोटं दार असतं, ती दिंडी. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही आणि एका वेळी एकच माणूस जातो. पहाऱ्याच्या दृष्टीने याहून सोपी युक्ती नाही. दिंडीतून आत गेल्यावर दोन्ही बाजूंना उंच चौथऱ्यासारखे कोनाडे दिसतात त्या देवड्या, पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा. आज तिथे पाण्याचे मीटर, दुचाक्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतात.

आता दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या जाडीत बघा. एका बाजूला हातभर खोल चौकोनी भोक आणि समोरच्या बाजूला उथळ खळगा दिसेल. ही आगळीची जागा. दिवसा जाडजूड लाकूड त्या खोल भोकात सरकवून ठेवायचं, रात्री बाहेर ओढून दारामागून आडवं घालायचं. आगळ बहुतेक ठिकाणी गेलेली असते, पण भोक बुजवायची तसदी कुणी घेत नाही. रोजच्या घासण्याने त्याच्या दगडी कडा गुळगुळीत झालेल्या असतात. तिथे जरूर हात लावून बघा.

जुन्या दाराला बिजागरी असेलच असं नाही. फळीच्याच वरच्या आणि खालच्या टोकाला गोल खुंट ठेवलेला असतो आणि तो दगडातल्या किंवा लाकडातल्या खळग्यात फिरतो. उंबऱ्याच्या टोकाशी वाटीएवढा खळगा दिसला आणि दार जागेवर नसलं, तरी इथे असंच दार फिरत होतं हे कळतं.

चौकटीच्या वरच्या मधोमध गणपती कोरलेला असतो, ती गणेशपट्टी. पट्टीवरच्या कमळांकडे, वेलींकडे, टोकांच्या पक्ष्यांकडे बघा. पेठेत सुताराची नक्षी बहुतेक चौकटीवर, टोकांवर, सांध्यांवर दिसते, म्हणजे जिथे डोळा आपोआप थांबतो तिथे. तेलरंगाचे थर इतके चढलेले असतात की गणपतीचं नाक-डोळे भरून गेलेले असतात. टॉर्च बाजूने धरली तर आकार परत दिसतो.

दारावरच्या लोखंडी खिळ्यांचा उगम समजून घ्यायचा असेल तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहावं. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दाराच्या वरच्या भागात हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर टोकदार सुळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये यासाठी ते आहेत. आता सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या एखाद्या सावकाराच्या वाड्याचं दार आठवा. तिथल्या बोळात हत्ती वळणारही नाही, तरी दारावर खिळ्यांच्या रांगा आहेत, फक्त सुळ्याच्या जागी फूल आलं आहे. गरज संपली, पण तिची आठवण दागिना होऊन राहिली. मला पेठेतल्या दारांमधली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

तिथेच असताना तटाकडेही बघा. खाली दगड, वर वीट. साताऱ्याच्या छत्रपतींखेरीज कुणी दगडी किल्ला बांधू नये म्हणून वरचं बांधकाम विटांत केलं, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, दगड जिथे संपतो आणि वीट सुरू होते ती रेघ मात्र साध्या डोळ्यांनी दिसते. दरवाजावरचा नगारखाना लाकूड-विटांचा आहे. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, त्यामुळे आत गेल्यावर बघायचं ते जोत्यांकडे: दालनांचे आकार, कारंज्यांच्या जागा, पाण्याच्या वाटा.

दुसरी फेरी: फलकाच्या वर

आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चाला आणि फक्त पहिल्या मजल्यापासून वर बघा. तळमजला दुकानांनी खाल्ला असला तरी वरचा मजला पुष्कळदा तसाच असतो.

वाड्याचा भार भिंतींवर नसून लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे कडीपाट. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि वाड्याचं मोजमाप खणांतच होत असे. वरच्या मजल्यावरचे खांब मोजा, समोरची बाजू किती खणी आहे ते कळेल. दोन वेगवेगळ्या रंगांत रंगवलेल्या शेजारच्या घरांचे खण सलग, एकाच मापाचे आणि एकाच रेषेत असतील, तर तो मुळात एकच वाडा होता आणि भाऊहिश्श्यात मधोमध भिंत पडली, अशी दाट शक्यता. हे कोडं उलगडलं की होणारा आनंद निराळाच.

खांबांमध्ये सुरूचा खांब ओळखायला शिका: खाली फुगीर, वर निमुळता होत गेलेला, सुरूच्या झाडासारखा. वर महिरपी आणि महिरपींच्या मधून लोंबणारी केळफुलं. हे सगळं एका ठिकाणी नीट बघायचं असेल तर विश्रामबागवाडा गाठावा. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला आणि १८०७ मध्ये पूर्ण झाला. १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, तो नंतर पुन्हा उभारला. त्यामुळे तिथे आणखी एक खेळ खेळता येतो: कुठलं लाकूड जुनं, कुठलं नंतरचं? नक्षीची खोली, कडांची झीज आणि कोरणाऱ्याच्या हाताचा सैलपणा यांवरून अंदाज बांधायचा. शनिवारवाड्याजवळच्या नाना वाड्यातही केळफुलांचं उत्तम काम आहे.

वर बघताना काळ ठरवायला तीन वस्तू फार मदत करतात.

छप्पर. अर्धगोल, कुंभाराने घडवलेली नळीची कौलं ही जुनी पद्धत. चपटी, खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौलं नंतरची. बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्यामुळे मंगलोरी कौलं असलेलं छप्पर त्याच्या आधीचं असूच शकत नाही. घर मात्र आधीचं असू शकतं, कारण कौलं बदलतातच. पडलेलं कौल सापडलं तर पालथं करून बघा, कारखान्याचं नाव उठावात छापलेलं असतं.

लोखंड. गॅलरीचे नक्षीदार कठडे आणि जिन्याच्या वेलबुट्ट्या बहुधा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या), म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरच्या. सज्जाखाली लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटावर दुर्बीण लावा. डॉर्मन लाँग हे इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या मिडल्सबरोच्या पोलाद कारखान्याचं नाव कधी दिसतं, कधी टाटा. जमशेदपूरला टाटांचं पोलाद तयार होऊ लागलं १९१२ मध्ये, तेव्हा ते नाव असलेली तुळई त्यानंतरची. पेठेतल्या दुमजली घराच्या पोटात यॉर्कशायरचं लोखंड असावं, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

सिमेंट. गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर सलग गेलेले पातळ सज्जे, आडव्या पट्ट्या आणि कपाळावर उठावात लिहिलेलं घराचं नाव व साल, असं दिसलं की १९३० नंतरची दोन-तीन दशकं समजावीत. लक्ष्मी रस्त्यावर आणि त्याला लागून ही घरं आहेत. वाड्यांच्या प्रेमापायी यांच्याकडे दुर्लक्ष होतं. ते बरोबर नाही. त्यांचीही पाडापाडी चालू आहे आणि त्यांच्यासाठी हळहळणारे लोक फारच थोडे आहेत.

पाण्याचा माग

एक संपूर्ण सकाळ फक्त पाण्यासाठी ठेवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. पंप नव्हते, सगळा खेळ उताराचा. वाटेत ठिकठिकाणी हौद भरत जायचे आणि लोक तिथून पाणी नेत. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून मधे मधे उच्छ्वास बांधले, म्हणजे नळावर उभे केलेले उंच पोकळ स्तंभ. कात्रजकडून शहराकडे येणाऱ्या वाटेवर असा एखादा एकटा उभा स्तंभ दिसला तर ती समाधी किंवा दीपमाळ समजू नका.

हौदांपैकी पुष्कळ बुजले, नावं राहिली: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, पंचहौद. पंचहौदचं नाव तर १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळे, ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून टिळक-रानड्यांवर आलेल्या ग्रामण्यामुळे (जातिबहिष्काराच्या वादामुळे), महाराष्ट्राच्या इतिहासात गेलं. नावावरून सुरुवात करा आणि चौकात उभं राहून उतार बघा. पाणी कुठून आलं असेल? पावसात रस्त्यावरचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं? हौद शिल्लक असेल तर काठावरच्या दगडात दोरांच्या किंवा घागरींच्या घासण्याच्या खुणा शोधा.

दोन हौद मुद्दाम वेळ काढून बघावेत. फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या अकाली गेलेल्या लहान मुलीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. आणि गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यातला हौद, जो त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी मोकळा केला. दगडाकडे बघताना 'हे इथे कशाला' याच्या जोडीला 'हे कुणासाठी' हा प्रश्न विचारायला हे हौद शिकवतात. मग इतर हौदांपाशीही तो प्रश्न सुटत नाही: इथे पाणी कुणाला भरू देत होते, आणि कुणाला लांब उभं राहावं लागत होतं?

सारसबागेत गेलात तर गणपतीच्या देवळाच्या आजूबाजूची जमीन बघा. देऊळ उंचवट्यावर आहे आणि बाग खोलगट भागात. ती बाग म्हणजे तळ्याचा तळ आणि देऊळ म्हणजे तळ्यातलं बेट. म्हणून जुने लोक अजून तळ्यातला गणपती म्हणतात. हिरवळीवर भेळ खाणारी माणसं पेशवेकालीन तळ्याच्या पोटात बसलेली असतात.

नदीकाठच्या पेठांत आणखी एक खूण शोधता येते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं याच्या रेघा किंवा छोटे फलक काही जुन्या इमारतींवर आहेत. स्वतःच्या उंचीशी ती रेघ ताडून बघा. त्या पुराने काठावरचे कितीतरी वाडे नेले, आणि तिथे जुनं इतकं कमी का दिसतं याचं एक कारण त्या रेघेत आहे.

पाडलेल्या वाड्याची शेजारची भिंत

पुनर्विकासासाठी वाडा पाडला की शेजारच्या घराची सामाईक भिंत काही महिने उघडी पडते. हे फार थोड्या दिवसांचं दालन आहे, सोडू नका.

सदाशिव पेठेतल्या अशा एका भिंतीवर मी जे पाहिलं ते सांगतो. जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर चौकोनी भोकांची सरळ रांग, त्या वरच्या मजल्याच्या कड्यांच्या जागा. त्यावर तशीच आणखी एक रांग. दोन रांगांमध्ये तिरपी चढत गेलेली मळकट रेघ, म्हणजे जिना, आणि ती मळकट झाली होती वर चढताना भिंतीला टेकणाऱ्या हातांनी. खालच्या खोलीत हिरवा रंग, त्याच्या पोपड्याखाली निळा, त्याखाली पांढरा चुना. कोपऱ्यातला एक उभा पट्टा काळा कुळकुळीत, चुलीचा धूर तिथून वर जात होता. शेजारी देवळी आणि तिच्या कडेला तेलाचा ओघळ. गिलावा निघाला होता तिथे पातळ, फरशीसारख्या जुन्या विटा, आणि एका ठिकाणी मधेच जाड, आजच्या मापाच्या विटा भरलेल्या, म्हणजे कधीतरी बुजवलेलं दार. दोन घरं आतून जोडलेली होती.

अशा भिंतीपुढे उभं राहून खालून वर, मजल्यामागून मजला वाचत जायचं. स्वयंपाकघर कुठे, देव कुठे, जिना कुठून. फोटो रस्त्यावरून काढा. पत्र्याच्या कुंपणाच्या आत शिरू नका, उघड्या पडलेल्या जुन्या भिंतीचा भरवसा नसतो.

आत जायचं तर

वाड्यात माणसं राहतात. दिंडी उघडी आहे म्हणून सरळ चौकात जाऊ नये. हाक मारावी, कुणी दिसलं की, "काकू, वाडा जरा बाहेरून-बाहेरून बघू का? चौकापर्यंतच येतो," असं विचारावं. बहुतेक वेळा या म्हणतात. फोटोचं मात्र वेगळं विचारावं. पुष्कळ वाड्यांमध्ये मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांचे वाद चालू असतात. कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी माणूस कुणाकडून आला असेल ही शंका रास्त आहे. नाही म्हटलं तर आभार मानून निघावं. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांना वेळ असेल तर दगडांपेक्षा त्यांच्याकडे जास्त माहिती असते: नळ कधी आला, कुठली खोली नंतर काढली, बळदात धान्य कधीपर्यंत साठवत.

एक दावा मात्र जपून ऐका. आमच्या वाड्यातून भुयार थेट शनिवारवाड्यापर्यंत जातं, असं जवळजवळ प्रत्येक वाड्यात सांगतात. त्या तोंडापाशी उभं राहून आपला प्रश्न विचारा. हे तळघर आहे का, धान्याचं बळद आहे का, की पाण्याचा नळ? पुष्कळदा उत्तर या तिघांत मिळतं.

एकच देऊळ, सावकाश

सोमवार पेठेत, नागझरी ओढ्याच्या काठच्या भागात त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती आत आहे, पण आधी बाहेर अर्धा तास थांबा. संपूर्ण दर्शनी भिंत काळ्या दगडात कोरलेली आहे. द्वारपाल, हत्ती, मोर, पोपट बघून झाले की एका शिल्पाशी नजर अडते: साखळीने बांधला जाणारा गेंडा आणि त्याच्याजवळ टोपीवाले गोरे शिपाई.

पुण्याच्या आसपास गेंडा नाही. गणपतीच्या देवळावर गोऱ्या शिपायाचं काम काय? अनेक अभ्यासकांनी याचा संबंध प्लासीच्या १७५७ च्या लढाईशी लावला आहे: गेंडा म्हणजे बंगाल-आसामचा मुलूख आणि साखळी इंग्रजांची. देवळाचं बांधकाम चालू असतानाच ते घडत होतं. पुण्याचे गोसावी देशभर हिंडणारे, सावकारी करणारे, उत्तरेशी संबंध ठेवून असणारे लोक होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणं साहजिक आहे. आत दोन संस्कृत शिलालेख आणि एक फारसी शिलालेख आहे. खाली तळघर आहे. मागच्या भिंतीवर लिंगोद्भव (लिंगातून प्रकट होणाऱ्या) शिवाचं शिल्प आहे, प्रदक्षिणा अर्धवट सोडणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही.

शिलालेख वाचायला टॉर्च पुरेशी आहे. अक्षरांवर खडू घासणं, पीठ किंवा तेल चोळणं हे काही करू नका, दगडाचं त्याने नुकसान होतं.

नोंद आणि पडताळणी

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढा: रस्त्यावरून पूर्ण इमारत, मग ती वस्तू आणि तिच्या भोवतालचं, मग जवळून, शेजारी पेन किंवा हात धरून, म्हणजे आकार कळतो. नुसत्या जवळच्या फोटोवरून सहा महिन्यांनी ते दार कुठलं हे तुम्हालाही आठवणार नाही. वहीत तारीख, गल्ली, शेजारची ठळक खूण, आणि तुमचा प्रश्न लिहा. ओबडधोबड चित्र काढता आलं तर सर्वांत उत्तम, कारण काढताना मोजावं लागतं आणि मोजताना दिसतं.

घरी आल्यावर ताडून बघा. १८८५ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधल्या पुणे जिल्ह्याच्या खंडांत शहराचं पेठवार वर्णन आहे. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करत आहे, आणि पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. एखाद्या जागेच्या हद्दीबद्दल शंका असेल तर सिटी सर्व्हेचा नकाशा बघावा, वाडा गेला तरी त्याच्या प्लॉटचा वाकडा आकार नकाशात राहतो. महापालिकेचे निळे फलक दिसतील तिथे वाचा, पण फलक नाही म्हणून घर बिनमहत्त्वाचं असं धरू नका.

पहिल्या सकाळसाठी वाट

ही फक्त ओळखीची फेरी, एका सकाळी एकच गल्ली हा नियम दुसऱ्या सकाळपासून. कसबा गणपतीपासून सुरू करा, तांबट आळीत डोकावून शनिवारवाड्यावर या, दिल्ली दरवाजा आणि तट बघा. नाना वाडा. फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद. मग बेलबाग. नाना फडणविसांचं हे देऊळ दुकानांच्या रांगेत असं दडलं आहे की समोरून रोज जाणाऱ्यांनाही प्रवेश सापडत नाही. तिथून तुळशीबागेत राममंदिराच्या शिखरावर दुर्बीण लावा. चुन्यात घडवलेल्या मूर्तींनी त्याचे कोनाडे खालपासून वरपर्यंत भरले आहेत, आणि खाली खरेदीच्या गर्दीत मान वर करणारं कुणीच नसतं. पुढे मंडई: १८८६ चं रे मार्केट, अष्टकोनी मनोऱ्याचं दगडी काम, पेशवाईच्या लाकडानंतर अचानक समोर येणारी इंग्रजी गॉथिक घडण. शेवटी बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा, साडेअकराच्या उन्हात. सात-सव्वासातला निघालात तर वेळ बरोबर साधते, मधे चहा-पोहे धरून.

मुंबईत हीच पद्धत वापरायची तर प्रश्न तोच, वस्तू वेगळ्या. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, तरी चर्चगेट हे नाव त्या कोटाच्या दाराचं आहे आणि ते चर्च म्हणजे १७१८ मध्ये खुलं झालेलं सेंट थॉमस. शहरात अजून उभे असलेले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर सांगतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, ब्रिटन आणि हिंदुस्थान. लोकल पकडायच्या घाईत त्या दोघांच्या मधून रोज लाखो माणसं जातात. पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी निघा आणि सिंहाकडे पाठ करून आधी वाघ बघा.